विपर्यासाला उत्तर : कार्डिनल न्यूमन यांचा धडा

सार्वजनिक जीवनात बोलणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसाच्या वाट्याला टीका जशी येते, तसाच शब्दांचा विपर्यासही येतो. या दोहोंत टीकेला उत्तर देणे त्यामानाने सोपे असते. कारण टीकाकार आपण जे म्हटले त्याविरुद्ध बोलत असतो. विपर्यास करणारा मात्र आपण जे म्हटलेच नाही ते आपल्या तोंडी घालतो आणि त्याचा जाब आपल्यालाच विचारतो. गप्प बसावे, तर मौन ही कबुली ठरते. खुलासा करावा, तर ती सारवासारव मानली जाते. श्रद्धावान ख्रिस्ती माणसाला तर हा पेच अधिकच कठीण वाटतो. एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करावा, ही त्याला मिळालेली शिकवण. त्याच्या प्रभूच्याही शब्दांचा, विशेषतः यरुशलेमच्या मंदिराविषयीच्या उद्गारांचा, खोट्या साक्षीदारांनी विपर्यास केला होता, आणि प्रभू त्या साक्षीपुढे मूक राहिला होता. परंतु त्याच रात्री प्रमुख याजकाच्या चौकशीत एका शिपायाने चपराक मारली, तेव्हा आपल्या बोलण्यात वावगे काय होते ते सिद्ध कर, असेही त्याने विचारले. मौन आणि पुराव्याची मागणी या दोन्ही गोष्टी शुभवर्तमानात शेजारीशेजारी आहेत. कोणत्या प्रसंगी कोणती पत्करावी, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये हा प्रश्न ज्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा उभा राहिला, त्या जॉन हेन्री न्यूमन यांचे नाव आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. दयाळू प्रकाशाला वाट दाखविण्याची विनवणी करणारे त्यांचे इंग्रजी भजन गांधीजींच्या अत्यंत आवडीचे होते. नरसिंहराव दिवेटिया यांनी केलेल्या त्याच्या गुजराती रूपांतरामुळे ते आश्रमातील प्रार्थनेतही रुजले. विद्यापीठाचे प्रयोजन काय, यासंबंधीच्या न्यूमन यांच्या व्याख्यानांचा उल्लेख शिक्षणविषयक चर्चांत अजूनही होतो. परंतु शब्दांचा विपर्यास सोसणारा आणि त्याला उत्तर देणारा माणूस म्हणून त्यांची ओळख आपल्याकडे फारशी नाही.

ऑक्सफर्डमधील पहिला अनुभव

न्यूमन यांचा जन्म लंडनमध्ये २१ फेब्रुवारी १८०१ रोजी झाला. वडील पेढीवाले होते. नेपोलियनबरोबरच्या युद्धानंतर आलेल्या मंदीत, १८१६ साली, त्यांच्या पेढीला व्यवहार थांबवावे लागले. ठेवीदारांचे पैसे पूर्णपणे फेडले गेले; पण कुटुंबाची स्थिती पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही. पेढी ही तिजोरीतील रकमेइतकीच लोकांच्या विश्वासावर चालते, आणि तो विश्वास एकदा डळमळला की हिशेब चोख असूनही भागत नाही, हे पंधरा वर्षांच्या मुलाने घरातच पाहिले. पुढे पैशाच्या नव्हे, पण शब्दाच्या बाबतीत त्याच्यावर हाच प्रसंग यावयाचा होता.

ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण घेऊन १८२२ मध्ये ते ओरिएल कॉलेजचे फेलो झाले आणि १८२८ पासून विद्यापीठाच्या सेंट मेरी चर्चचे धर्मगुरू. १८३३ मध्ये सिसिलीतील गंभीर आजारातून उठून परतताना, भूमध्य समुद्रात वाऱ्याअभावी खोळंबलेल्या जहाजावर, त्यांनी ते सुप्रसिद्ध भजन लिहिले. त्याच वर्षी ऑक्सफर्ड चळवळ सुरू झाली. इंग्लंडचे चर्च हे सरकारी खाते नसून प्रेषितांपासून चालत आलेल्या परंपरेचा भाग आहे, असे तिचे प्रतिपादन होते. या चळवळीच्या पुस्तिका न्यूमन आणि त्यांचे सहकारी लिहीत. १८४१ मधील नव्वदावी पुस्तिका न्यूमन यांची होती. इंग्लंडच्या चर्चने सोळाव्या शतकात मान्य केलेल्या एकोणचाळीस कलमांचा अर्थ प्राचीन कॅथॉलिक सिद्धान्तांशी सुसंगत असा लावता येतो, असे त्यांनी तीत दाखविले.

यावरून वादळ उठले. न्यूमन यांचा अर्थ चुकीचा आहे एवढेच विरोधक म्हणते, तर तो मतभेद ठरला असता. परंतु हा मनुष्य अप्रामाणिक आहे, आतून रोमचा असून बाहेरून इंग्लंडच्या चर्चचा झगा घालतो, असा आरोप झाला. महाविद्यालयांच्या प्रमुखांनी पुस्तिकेचा निषेध केला आणि एकामागून एक बिशप तिच्याविरुद्ध बोलले. आपल्या बिशपच्या इच्छेला मान देऊन न्यूमन यांनी पुस्तिकामाला बंद केली. पण लिहिलेले मागे घेतले नाही. पुढे ते ऑक्सफर्डजवळच्या लिटलमोर या खेड्यात राहावयास गेले, सेंट मेरीचे पद सोडले, आणि ९ ऑक्टोबर १८४५ रोजी रोमन कॅथॉलिक चर्चमध्ये सामील झाले. झाले! आरोप करणाऱ्यांना हवा तो पुरावा मिळाला. आम्ही म्हणतच होतो, असे लोक म्हणू लागले. यावर न्यूमन जवळजवळ वीस वर्षे काही बोलले नाहीत. आपल्यावर झालेला आघात आपल्यापुरता आहे आणि तो देवावर सोपवावा, अशी त्यांची धारणा होती.

स्वकीयांकडून झालेला संशय

विपर्यास करणारे नेहमी विरुद्ध गोटातलेच असतात असे नव्हे. कॅथॉलिक झाल्यानंतर न्यूमन यांनी बर्मिंगहॅम येथे धर्मगुरूंचा ऑरेटरी हा संघ स्थापन केला, आणि डब्लिनच्या कॅथॉलिक विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले. १८५९ मध्ये काही काळ ते एका कॅथॉलिक नियतकालिकाचे संपादक होते. धर्मसिद्धान्ताच्या बाबतीत सामान्य श्रद्धावंतांची साक्षही विचारात घ्यावी, असा लेख त्यांनी त्यात लिहिला. चौथ्या शतकातील एरियन वादात अनेक बिशप डळमळले असता सामान्य लोकांनी श्रद्धा टिकवून धरली, हा इतिहासाचा दाखला त्यांनी दिला होता. एका बिशपने या लेखाविरुद्ध थेट रोमकडे तक्रार केली. सामान्यांची साक्ष ऐका, या म्हणण्याचा अर्थ सामान्यांना धर्मसत्तेच्या वर बसवा, असा लावला गेला.

न्यूमन यांनी कार्डिनल वाइझमन यांना कळविले, की माझ्या लेखातील कोणती वाक्ये आक्षेपार्ह आहेत ती दाखवावीत. मी त्यांचा खुलासा करीन. रोमहून आक्षेपांची यादी खरोखरच आली; पण ती वाइझमन यांच्याकडेच पडून राहिली. न्यूमन यांना वाटले प्रकरण मिटले, आणि रोममध्ये समज झाला की हा मनुष्य उत्तर देण्याचे टाळतो. १८६७ मध्ये त्यांचे सहकारी रोमला गेले तेव्हा कुठे खरा प्रकार उघडकीस आला. मधली सात वर्षे न्यूमन संशयाच्या छायेत वावरले. इंग्लंडमधील प्रॉटेस्टंट त्यांना कावेबाज म्हणत आणि काही कॅथॉलिक त्यांना अर्धवट प्रॉटेस्टंट समजत. १८६३ च्या आरंभी त्यांनी आपल्या खाजगी रोजनिशीत, आपले सारे आयुष्य निष्फळ गेले की काय, अशा अर्थाची व्यथा नोंदवून ठेवली. श्रद्धेमुळे दुःख होत नाही असे नाही; त्यांनाही दुःख झाले. परंतु त्या दुःखाचे भांडवल करून त्यांनी चर्चमध्ये तट पाडला नाही.

किंग्जली यांचा आरोप

अशा मनःस्थितीत १८६३ च्या डिसेंबरात कोणीतरी त्यांच्याकडे मॅकमिलन मासिकाचा जानेवारी १८६४ चा अंक पाठविला. त्यात इंग्लंडच्या इतिहासावरील एका ग्रंथाचे परीक्षण होते आणि खाली केवळ आद्याक्षरे होती. सत्यासाठी सत्य बोलणे हा रोमन धर्मगुरूंच्या लेखी कधीच सद्गुण नव्हता, आणि तो असण्याची गरज नाही असे खुद्द न्यूमन यांनीच सांगितले आहे, अशा आशयाचे विधान जाता जाता परीक्षणकाराने केले होते. धूर्तपणा हे संतांना मिळालेले हत्यार आहे, असे मतही त्याने न्यूमन यांच्या नावावर घातले होते.

हे परीक्षणकार म्हणजे केंब्रिजमधील इतिहासाचे प्राध्यापक आणि लोकप्रिय कादंबरीकार चार्ल्स किंग्जली. ते दुष्ट नव्हते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. ते स्वतः अँग्लिकन धर्मगुरू होते, कामगारांच्या दैन्याविषयी त्यांना कळकळ होती, आणि आपण लिहितो ते खरे आहे असे त्यांना मनापासून वाटत होते. इंग्लंडमध्ये कॅथॉलिकांना बहुतेक नागरी हक्क मिळून त्या वेळी पस्तीस वर्षेही झाली नव्हती. कॅथॉलिक धर्मगुरू म्हणजे कपटी, हा समज तेथील सुशिक्षितांतही मुरलेला होता. पूर्वग्रह ज्या विधानाची ग्वाही देतो, त्याचा पुरावा शोधण्याची गरज माणसाला भासत नाही. बरेचसे विपर्यास असेच घडतात; त्यांच्यामागे खोटेपणापेक्षा आळशी खात्रीच अधिक असते.

न्यूमन यांनी प्रकाशकांना एक छोटे पत्र लिहून या विधानाकडे लक्ष वेधले. किंग्जली यांनी लेखकत्व मान्य करून पुराव्यादाखल न्यूमन यांचे एक जुने प्रवचन पुढे केले. सापांसारखे चतुर आणि कबुतरांसारखे निरुपद्रवी व्हा, या प्रभूच्या उपदेशावरील ते प्रवचन होते. ते सेंट मेरीमध्ये दिलेले होते, म्हणजे न्यूमन अँग्लिकन असतानाचे होते. रोमन धर्मगुरूंच्या नीतीचा तो दाखला कसा होऊ शकतो? शिवाय, ज्याच्या हाती बळ नाही तो संयमाने वागला तरी जगाला त्याचा संयम कावेबाजपणा वाटतो, असे त्या प्रवचनाचे प्रतिपादन होते. जगाचा जो गैरसमज प्रवचनकाराने वर्णिला होता, तोच त्याचा उपदेश म्हणून त्याच्या माथी मारला गेला.

न्यूमन यांनी एकच प्रश्न लावून धरला : यांतील कोणते वाक्य? किंग्जली वाक्य दाखवू शकले नाहीत. त्यांनी मासिकात खेद प्रसिद्ध केला. पण न्यूमन यांनी आपल्या शब्दांना तो अर्थ नसल्याचे कळविले असून त्यांचा आशय समजण्यात आपली चूक झाली याबद्दल आपण दिलगीर आहोत, अशी त्याची धाटणी होती. वरवर पाहता ही माफी होती. वस्तुतः तसे शब्द होते, आणि आता ते सावरून घेतले जात आहेत, अशीच वाचकाची समजूत व्हावी. न्यूमन यांनी ही माफी स्वीकारली नाही आणि सगळा पत्रव्यवहार पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केला. त्यावर किंग्जली यांनी मार्चमध्ये अधिक कडक पुस्तिका काढली. न्यूमन यांचे म्हणणे तरी काय, असा सवाल करून, हा मनुष्य आता काहीही म्हणाला तरी त्यावर विश्वास का ठेवावा, असा तिचा सूर होता.

उत्तराची रीत

येथे न्यूमन यांना मौन सोडणे भाग पडले. त्याची कारणे दोन होती. एक तर आरोप त्यांच्या एकट्यावर नव्हता. सगळ्या कॅथॉलिक धर्मगुरूंची सचोटी पणाला लागली होती. दुसरे असे, की या आरोपाने पुढचे सगळे संभाषणच अशक्य करून टाकले होते. गावची विहीरच नासवली, तर कोणाच्या घागरीत स्वच्छ पाणी यावयाचे? एखाद्याचे एक विधान खोटे ठरविणे निराळे, आणि त्याच्या शब्दाला काही किंमतच नाही असे ठरविणे निराळे. हा फरक न्यूमन यांनी अचूक हेरला.

आरोपांची एकेक करून नुसती छाननी केली असती, तर लोक कंटाळले असते. न्यूमन यांनी निराळा निर्णय घेतला. माझ्या म्हणण्याचा अर्थ काय असे विचारले गेले आहे. तर मी कसा विचार करीत आलो, कोठे बदललो आणि का बदललो, हे सारे आयुष्यच लोकांपुढे ठेवावे. २१ एप्रिल १८६४ पासून दर गुरुवारी एकेक भाग प्रसिद्ध होऊ लागला आणि जूनमध्ये परिशिष्टासह लेखन पूर्ण झाले. त्या वेळी ते त्रेसष्ट वर्षांचे होते. उभ्याने लिहिण्याच्या मेजाशी ते तासन्तास लिहीत. एकदा तर हे काम सलग बावीस तास चालले. जुन्या जखमा उघड्या करताना लिहिता लिहिता त्यांना रडू कोसळे. ज्या अँग्लिकन मित्रांशी दोन दशके जवळजवळ संबंध उरला नव्हता, त्या केबल, चर्च आणि रॉजर्स यांच्याकडे त्यांनी जुनी पत्रे मागितली आणि आपल्या हकिकतीतील तपशील तपासून घेण्याची विनंती केली. विरुद्ध पंथातील माणसांना आपल्या सत्याचे साक्षीदार करणे, हे विलक्षण धाडस होते.

या ग्रंथाला त्यांनी 'अपॉलॉजिया' हे नाव दिले. या शब्दाचा अर्थ क्षमायाचना नव्हे, तर समर्थन किंवा प्रत्युत्तर. नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्रात, आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर देण्यास सदैव सिद्ध असावे असा उपदेश आहे. तेथे मूळ ग्रीकमध्ये हाच शब्द आलेला आहे. विपर्यासाच्या प्रसंगी श्रद्धावंताने काय करावे, याचे शास्त्रवचन न्यूमन यांच्या ग्रंथाच्या नावातच सामावले आहे.

या उत्तराचे बळ कशात होते? न्यूमन यांनी स्वतःला निर्दोष ठरविले नाही. अँग्लिकन असताना आपण रोमविषयी कठोर शब्द वापरले आणि १८४३ मध्ये ते जाहीरपणे मागे घेतले, हे त्यांनी लपविले नाही. आपली मते बदलली याचीही त्यांना लाज वाटली नाही. ती कोणत्या क्रमाने आणि कोणत्या कारणांनी बदलली याचा तारीखवार हिशेब त्यांनी मांडला. पेढीवाल्याच्या मुलाने आपल्या शब्दाचे सगळे वहीखाते लोकांपुढे उघडे केले, असेच म्हणावयास हवे.

परिणाम तत्काळ झाला. इंग्लंडमधील सुशिक्षित प्रॉटेस्टंटांनी मते न पटताही माणूस प्रामाणिक आहे हे मान्य केले. वेस्टमिन्स्टर धर्मप्रांतातील शंभरांहून अधिक कॅथॉलिक धर्मगुरूंनी सह्या करून त्यांचे आभार मानले. तुटलेली मैत्री पुन्हा जुळली. १८६५ च्या सप्टेंबरात केबल यांच्या घरी केबल, प्यूसी आणि न्यूमन हे तिघे वृद्ध मित्र कित्येक वर्षांनी एकत्र भेटले. पुढच्या वर्षी केबल वारले. चर्च आणि रॉजर्स यांनी न्यूमन यांना एक व्हायोलिन भेट दिले.

रागाचा प्रश्न

न्यूमन यांच्या या उत्तरात दोष नव्हता असे म्हणता येणार नाही. किंग्जली यांच्याबरोबरचा पत्रव्यवहार छापताना त्यांनी शेवटी जोडलेले उपरोधिक संभाषण बोचरे होते, आणि 'अपॉलॉजिया'च्या पहिल्या भागांतही धार होती. ख्रिस्ती सौम्यतेशी हे जुळते काय? आपले शांत खुलासे पूर्वी कोणी ऐकले नव्हते, आणि राग दिसला नसता तर आपण मनापासून बोलत आहोत हे कोणाला खरे वाटले नसते, असे न्यूमन यांनी नंतर एका पत्रात स्पष्ट केले. हे समर्थन प्रत्येकाला पटेलच असे नाही. हेतुपुरस्सर दाखविलेला राग हा धोक्याचा मार्ग आहे. परंतु पुढे त्यांनी काय केले हेही पाहिले पाहिजे. १८६५ च्या नव्या आवृत्तीतून त्यांनी वादाचे ते भाग काढून टाकले. भांडणाचे काम संपले होते. राहावयास हवा होता तो जीवनाचा इतिहास. आणि १८७५ च्या जानेवारीत किंग्जली वारल्याचे कळताच न्यूमन यांनी त्यांच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण केला. ज्याने आपल्याला लबाड ठरविले, त्याच्यासाठी वेदीपाशी उभे राहून प्रार्थना करणे ही या वादातील त्यांची शेवटची कृती होती.

विपर्यासाने त्यांची पाठ अखेरपर्यंत सोडली नाही. १८७९ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी त्यांना कार्डिनल करण्याचे ठरविले. वृद्धापकाळी बर्मिंगहॅम सोडून रोममध्ये राहावे लागू नये, एवढीच विनंती न्यूमन यांनी नम्रपणे लिहिली होती; पण त्यांनी हा मान नाकारला अशी बातमी वृत्तपत्रांत छापून आली. त्यांनी मित्रांना वस्तुस्थिती कळविली, गैरसमज दूर झाला, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांना ते पद मिळाले. बर्मिंगहॅममध्ये राहण्याची मुभाही मिळाली. तत्पूर्वी १८७७ च्या अखेरीस ट्रिनिटी कॉलेजने त्यांना आपला पहिला मानद फेलो निवडले होते. ११ ऑगस्ट १८९० रोजी त्यांचे निधन झाले. ज्या रोममध्ये त्यांच्याविषयी संशय धरला गेला, तेथेच २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

आज एखाद्याच्या भाषणातील अर्धे वाक्य तोडून ते काही मिनिटांत हजारो लोकांपर्यंत पोहोचविता येते. शिक्षकाचे वर्गातील उद्गार, कारकुनाने फायलीवर लिहिलेला शेरा, विद्यार्थ्याने सभेत मांडलेला मुद्दा यांपैकी काहीही त्यापासून सुरक्षित नाही. अशा वेळी न्यूमन यांचे जीवन चटकन वापरता येण्याजोगा उपाय सांगत नाही. त्यांना स्वतःला उत्तर देण्यास वीस वर्षे लागली. परंतु ते एक क्रम दाखविते. अपमान केवळ आपलाच असेल, तर तो सोसता येतो. आपल्याबरोबर इतरांची अब्रू जात असेल, किंवा सत्य बोलण्याची वाटच बंद होत असेल, तर बोलले पाहिजे. बोलताना प्रथम नेमके वाक्य विचारावे, मग आपल्या चुकांसह आपला हिशेब उघडा करावा. आणि हे सारे झाल्यावर ज्याने आपले शब्द वाकविले, त्याच्यासाठी प्रार्थना करता येते की नाही, हे स्वतःला विचारावे. पहिल्या गोष्टी कोणीही विवेकी माणूस करू शकेल. न्यूमन यांची श्रद्धा खऱ्या अर्थाने कसाला लागली ती या शेवटच्या प्रश्नापाशी.